चिठ्ठीवांचून औषध

वऱ्हाडांतील अकोट हें तालुक्याचें गांव कापसाच्या बाजारासाठीं आणि सतरंज्यांसाठीं पूर्वींपासून प्रसिद्ध आहे. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, नरनाळ्याचा किल्ला आणि त्यापलीकडे मेळघाटाचें जंगल. दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाण पट्टा. अशा कोणत्याही तालुक्याच्या गांवीं बाजाराच्या दिवशीं जो एक व्यवहार पुनःपुन्हां घडतांना दिसतो, तो मुंबई-पुण्याच्या पेठांतही तितकाच दिसतो. औषधांच्या दुकानावर कोणी मजूर येतो, कोणी मास्तर येतो, कोणी मूल कडेवर घेतलेली बाई येते. "अंगांत कसर आहे, घसा धरला आहे, चांगली गोळी द्या," एवढें बोलणें होतें. दुकानदार फळीवरची पट्टी काढतो आणि कात्रीनें चार गोळ्या कापून देतो. चिठ्ठी कोणी मागत नाहीं आणि कोणी दाखवीत नाहीं. दोन मिनिटांत सौदा पुरा होतो, आणि देणाऱ्याला व घेणाऱ्याला दोघांनाही तो सोयीचा वाटतो.

या चार गोळ्या पुष्कळदां प्रतिजैविकांच्या, म्हणजे लोक ज्यांना अँटिबायोटिक म्हणतात त्या वर्गांतल्या असतात. जिवाणूंना मारणें अथवा त्यांची वाढ रोखणें एवढेंच त्यांचें काम. पडसें, फ्ल्यू, बहुतेक घसेदुखी आणि लहान मुलांचे पुष्कळसे जुलाब हे विकार विषाणूंमुळें होतात, आणि विषाणूंवर या औषधांचा यत्किंचितही परिणाम होत नाहीं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण जणूं या व्यवहारासाठींच जन्मली असावी. गंमत अशी कीं, पडसें चार-पांच दिवसांत आपोआप उतरतें, आणि तेवढ्याच दिवसांत गोळ्याही संपतात. मग श्रेय अर्थातच गोळीला मिळतें. सुंठीवांचून खोकला गेला असें म्हणण्याची संधीच उरत नाहीं, कारण सुंठीहून महाग वस्तु आधींच पोटांत गेलेली असते. पुढच्या पावसाळ्यांत तोच मनुष्य त्या गोळीचें नांव पाठ करून दुकानावर येतो, आणि शेजाऱ्यालाही तेंच नांव सांगतो.

गोळी वायां गेली एवढेंच असतें, तर तो त्या कुटुंबाच्या पैशाचा प्रश्न होता. त्यासाठीं व्याख्यानाची गरज नव्हती. परंतु मनुष्याच्या आंतड्यांत, घशांत, कातडीवर अगणित जिवाणू सदैव नांदत असतात. त्यांत एखादा असा निघतो कीं, तो त्या औषधाला दाद देत नाहीं. औषध आलें म्हणजे त्याचे भाऊबंद मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेंत याचा वंश वाढतो. इतकेंच नव्हे, तर औषधाला तोंड देण्याची ही विद्या तो परक्या जातीच्या जिवाणूलाही देऊं शकतो.

अकोटच्या शेतकऱ्याला हें समजावून सांगण्यास सूक्ष्मदर्शक यंत्राची आवश्यकता नाहीं. त्यानें हा सारा प्रकार स्वतःच्या कपाशीच्या बोंडांत पाहिला आहे. २००२ मध्यें बीटी कपाशीस सरकारी परवानगी मिळाली आणि २००६ मध्यें दोन जनुकांचें सुधारलेलें वाण आलें. बोंडअळीला मारक ठरणारें द्रव्य या झाडांत आपोआप तयार होतें. बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या कपाशीच्या बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी मिळत असे, आणि ती शेताच्या कडेनें पेरावी असा दंडक होता. हेतु हा कीं, साध्या कपाशीवर कांहीं अळ्या विष न चाखतां जगाव्या, त्यांच्या पतंगांचा विषाला न जुमानणाऱ्या थोड्याशा पतंगांशीं संकर व्हावा, आणि तो प्रतिकाराचा गुण पिढीगणिक पातळ होत जावा. कल्पना उत्तम होती. पण जमिनीचा हिस्सा अळीला आंदण कोण देणार? पुष्कळांच्या हातून ती पुडी पेरलीच गेली नाहीं. २०१० च्या सुमारास गुजरातेंतील कांहीं जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानत नाहीं असें आढळून आलें, आणि २०१७ च्या हंगामांत विदर्भांतील शेतकऱ्यांनीं वरून धडधाकट दिसणारें बोंड फोडलें तों आंत सरकी पोखरलेली आणि रुई डागळलेली. प्रत्येकाचें वागणें त्याच्यापुरतें शहाणपणाचें होतें. नुकसान मात्र सर्वांच्या वांट्यास आलें.

कपाशीचें एक वाण गेलें तर दुसरें पीक घेतां येतें. नवें प्रतिजैविक सिद्ध होऊन बाजारांत येण्यास दहा-पंधरा वर्षें लागतात, आणि मोठमोठ्या औषधी कंपन्यांनीं या संशोधनांतून अंग काढून घेतलें आहे. कारण व्यापारी आहे. जें औषध शक्य तितकें कमी वापरावें असाच तज्ज्ञांचा सल्ला असतो, त्यावर नफा कोण मिळविणार?

हा धोका पूर्वीं कोणाच्या ध्यानांत आला नव्हता असें मात्र नाहीं. १९२८ मध्यें ज्यांना पेनिसिलिनचा शोध लागला, त्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं ११ डिसेंबर १९४५ रोजीं नोबेल पारितोषिकानिमित्त भाषण केलें. तेव्हां पेनिसिलिन सर्वसामान्य लोकांच्या हातीं नीटसें आलेंही नव्हतें. तरी त्यांनीं एका काल्पनिक गृहस्थाची हकीकत सांगितली. या गृहस्थाचा घसा दुखूं लागला, त्यानें स्वतःच पेनिसिलिन विकत आणलें, आणि जंतू मरणार नाहींत पण औषधाला तोंड देण्यास शिकतील इतकेंच घेतलें. पुढें ते शिकलेले जंतू त्याच्या पत्नीच्या फुप्फुसांत गेले. पेनिसिलिन निरुपयोगी ठरलें, आणि ती मरण पावली. दहा वर्षें लोटलीं, आणि १९५५ मध्यें पुण्याजवळ पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यांत पेनिसिलिन तयार होऊं लागलें. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्यानें उभारलेल्या या कारखान्यामुळें औषध देशांत बनूं लागलें, आणि त्या काळीं असंख्य जीव त्यानें वांचले, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. फ्लेमिंग यांचा तो गृहस्थही मात्र त्याच वाटेनें आपल्याकडे आला.

कायदा नाहीं, अशी तक्रार कोणास करतां येणार नाहीं. बाजारांतील भेसळ आणि बनावट औषधें यांची चौकशी करण्यासाठीं १९३० मध्यें कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. तिच्या शिफारशींतून १९४० चा औषधविषयक कायदा झाला, १९४५ मध्यें त्याखालील नियम झाले, आणि १९४८ मध्यें फार्मासिस्टांच्या नोंदणीचा कायदा आला. यांचा सारांश इतकाच कीं, ठराविक यादींतलीं औषधें नोंदलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत, आणि चिठ्ठीवरचें औषध नोंदलेल्या फार्मासिस्टच्या देखरेखीखालीं दिलें जावें. प्रतिजैविकें या 'एच' यादींत आहेत. तरीही कात्री चालतच राहिली, म्हणून २०११ मध्यें अधिक कडक व्यवस्थेचा प्रस्ताव पुढें आला. व्यापाऱ्यांचा विरोध झाला, खेड्यांत डॉक्टर नाहींत हा आक्षेपही निघाला, आणि अखेर ३० ऑगस्ट २०१३ रोजीं 'एच-१' ही आटोपशीर यादी जाहीर होऊन १ मार्च २०१४ पासून अंमलांत आली. तींत ४६ औषधें होतीं. त्यांत वरच्या श्रेणीचीं कांहीं प्रतिजैविकें होतीं, क्षयावरचीं औषधें होतीं, आणि झोपेच्या गोळ्याही होत्या. हीं औषधें विकतांना डॉक्टरचें नांव-पत्ता, रोग्याचें नांव, औषध आणि किती दिलें, ही नोंद वहींत करावी, आणि ती वही तीन वर्षें जपून ठेवावी, असा नियम आहे. मूळ यादींत सेफिक्सिम होतें. घसा धरला कीं ज्याचें नांव अनेकांच्या तोंडीं येतें तें अझिथ्रोमायसिन मात्र नव्हतें. २०१६ पासून प्रतिजैविकांच्या पट्टीवर उभी तांबडी रेघ असावी आणि लोकांनीं ती ओळखावी, अशी मोहीमही सरकारनें काढली.

नियम अक्षरशः पाळावयास लावलें तर काय होतें, हेंही महाराष्ट्रानें पाहिलें आहे. अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे यांनीं २०१२ च्या सुमारास तें मनावर घेतलें. फार्मासिस्ट हजर नसणें, बिल न देणें, चिठ्ठीवांचून विक्री, अशा कारणांवरून दुकानांचे परवाने निलंबित अथवा रद्द होऊं लागले. विक्रेत्यांच्या संघटनेनें दुकानें बंद ठेवण्याचें हत्यार उपसलें, वर्तमानपत्रांतून वाद रंगला, आणि पुढें अधिकारी बदलले तसा तो जोर ओसरला. विक्रेत्यांची बाजू अगदींच पोकळ होती असें म्हणतां येणार नाहीं. एका दुकानानें चिठ्ठी मागितली तर गिऱ्हाईक दहा पावलांवरच्या दुसऱ्या दुकानांत जातें, आणि तें गिऱ्हाईक नेहमीं अडाणी असतें असेंही नाहीं. कागदावरची मनाई किती टिकते, याचा एक दाखला अकोट तालुक्यानेंच दिला आहे. १० जून २०१९ रोजीं अकोली जहांगीर येथें शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनीं सरकारी परवानगी नसलेलें तणनाशकाला तोंड देणाऱ्या कपाशीचें बियाणें उघडपणें पेरलें. त्या वादांतला न्यायान्याय हा वेगळा विषय. पण ज्या वस्तूची लोकांना नड वाटते, ती केवळ मनाई केल्यानें बाजारांतून नाहींशी होत नाहीं, एवढें त्यावरून दिसतें.

सारा दोष दुकानदाराच्या माथीं मारून डॉक्टरवर्गालाही मोकळें होतां येणार नाहीं. १९९१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत मुंबईतील १०० खासगी डॉक्टरांना क्षयाच्या रोग्यास कोणतीं औषधें द्याल असें विचारलें, तेव्हां ८० निरनिराळ्या चिठ्ठ्या हातीं आल्या. पुढें मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांचे सहकारी यांनीं धारावी भागांतील १०६ डॉक्टरांना, नेहमींच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठीं चिठ्ठी लिहावयास सांगितली. २०१० मध्यें त्यांनीं जो निष्कर्ष छापला, त्यांत बरोबर चिठ्ठी लिहिणारे तीनच निघाले. त्यानंतर वर्षभरानें याच डॉक्टरांनीं, उपलब्ध असलेल्या आणि तपासून पाहिलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रोगी नोंदविले. या रोगाला कोणतें नांव द्यावें यावर सरकारनें आक्षेप घेतला. पण नांवाच्या वादानें रोगी बरे होत नसतात. चौघांपैकीं तिघे सरासरीनें दीड वर्षांत चार-चार डॉक्टरांच्या हातांखालून गेले होते, आणि प्रत्येकानें एखादें जबर औषध, तेंही कित्येकदां चुकीच्या मात्रेंत, वाढविलें होतें. क्षयाच्या बाबतींत एकटें औषध देणें घातक, हें स्ट्रेप्टोमायसिनच्या अनुभवावरून १९४८ मध्येंच कळून चुकलें होतें. दोन-तीन औषधें एकाच गोळींत निष्कारण कोंबून विकण्याचा धंदा हें याच वृत्तीचें दुसरें रूप. अशा ३४४ मिश्रणांवर २०१६ मध्यें बंदी आली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि फेरविचारानंतर २०१८ मध्यें ३२८ मिश्रणें बंद झालीं.

घराघरांतील वडीलधाऱ्यांना एक रोग चांगला आठवत असेल: विषमज्वर, म्हणजेच मुदतीचा ताप. एकवीस दिवस पेज आणि देवाचें नांव, एवढाच एके काळीं त्यावर इलाज होता. क्लोरॅम्फेनिकॉल आलें आणि ताप चार-पांच दिवसांत उतरूं लागला. १९७२ मध्यें केरळांत कालिकतकडे या औषधाला न जुमानणारा विषमज्वर पसरला. १९९० च्या आसपास तर तीन-तीन जुनीं औषधें एकदम निकामी झालेलीं आढळलीं. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिनची पाळी आली आणि गेली. २०१६ पासून पाकिस्तानांत सिंधमधील हैदराबादेकडे जी साथ उठली, तिच्यांत सेफ्ट्रायॅक्सोनही चालेनासें झालें; तोंडानें घेण्याजोगें अझिथ्रोमायसिनच काय तें हाताशीं उरलें. आणि पडशासाठीं खेड्यापाड्यांत कात्रीनें कापून दिलें जातें, तें हेंच! नवी मुंबईच्या महानगरपालिकेनें २०१८ मध्यें मुलांना विषमज्वराची नवी लस टोचण्यास प्रारंभ केला, तो या दृष्टीनें दूरदर्शी म्हटला पाहिजे. जो रोग झालाच नाहीं त्याला औषध लागत नाहीं. अकोट-तेल्हाऱ्याच्या खारपाण पट्ट्यांतील खेड्यांना वान धरणाचें गोडें पाणी नळानें पोंचविणारी ८४ खेड्यांची योजना आहे. तिचें पाणी निर्मळ राहिलें तर तिनें वांचविलेल्या प्रतिजैविकांची गणति कोणी करणार नाहीं, पण तीं वांचतील खास. कोंबड्यांच्या खुराड्यांतही हा प्रश्न आहे. माणसाच्या शेवटच्या घटकेसाठीं राखून ठेवावयाचें कोलिस्टिन कोंबड्यांच्या वाढीसाठीं वापरलें जात होतें. त्यावर जुलै २०१९ मध्यें बंदी आली.

जगाचा हिशेब असा कीं, २०१९ या एका वर्षीं औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळें सुमारें १२ लाख ७० हजार माणसें दगावलीं, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यक नियतकालिकानें २०२२ मध्यें छापला. आंकडा इतका मोठा आहे कीं तो मनाला भिडत नाहीं. सुशिक्षित घरांतील कपाटाचा खण उघडून पाहिला, तर मागच्या आजारांतून उरलेल्या, पाकिटावरचें नांव अर्धें कापलेल्या दोन-तीन गोळ्या बहुधा सांपडतील, आणि पुढच्या तापांत त्या कोणी तरी घेईल. वरचा आंकडा अशाच घरांतून तयार होतो.

तर मग दुकानांवर कडक पहारा बसवावा, म्हणजे झालें, असें शहरांत राहणारास वाटणें स्वाभाविक आहे. येथें अकोटच्या उत्तरेकडे पाहिलें पाहिजे. मेळघाटाच्या डोंगरांत कोरकूंच्या वस्त्यांमध्यें लहान मूल फुप्फुसाच्या दाहानें, म्हणजे न्यूमोनियानें, धापा टाकूं लागलें, तर त्याला जें औषध हवें तें प्रतिजैविकच, आणि तें आजच हवें. व्याघ्रप्रकल्पासाठीं केलपानी, गुल्लरघाट वगैरे गांवें डोंगरांतून उठवून अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर वसविण्यांत आलीं. २०१७ मध्यें त्यांतील कित्येक कुटुंबें पुन्हां जंगलाकडे निघून गेलीं, तेव्हां आरोग्याची सोय नाहीं, माणसें आजारानें गेलीं, ही त्यांच्या तक्रारींपैकीं एक होती. अशा मुलाखासाठीं चिठ्ठीचा दंडक जसाच्या तसा लावणें म्हणजे, डॉक्टर नाहीं म्हणून चिठ्ठी नाहीं, आणि चिठ्ठी नाहीं म्हणून औषध नाहीं, असें सांगण्यासारखें आहे. जंतू औषधाला न जुमानल्यामुळें मुलें मरतात. औषध न मिळाल्यामुळें त्याहून अधिक मरत आलीं आहेत. दुकान बंद करावयाचें, तर त्याआधीं दुसरें दार उघडलें पाहिजे.

तें दार कसें असावें, याचा नमुना विदर्भांतच आहे. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीं १९८० नंतरच्या दशकांत खेड्यांतील आरोग्यसेवकांना आणि परंपरागत सुइणींना न्यूमोनिया ओळखण्यास शिकविलें. ओळखावयाची खूण साधी: दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या मुलाचा श्वास मिनिटाला पन्नास किंवा अधिक, एक ते पांच वर्षांच्या मुलाचा चाळीस किंवा अधिक. पण ज्या सुइणीला दहा-बारापलीकडे मोजतां येत नाहीं, तिनें पन्नास कसे मोजावे? तिच्यासाठीं एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या ओळी असें एक साधन तयार झालें. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा; वाळू संपण्याआधीं मणी ठराविक खुणेपर्यंत पोंचले, तर मूल न्यूमोनियानें आजारी. मगच को-ट्रायमॉक्सॅझोल द्यावयाचें. नुसता खोकला असेल तर द्यावयाचें नाहीं. १९९० मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, या गांवांत न्यूमोनियानें होणारे बालमृत्यु शेजारच्या गांवांच्या मानानें निम्म्याहून कमी झाले. पुढें ३९ गांवांत 'आरोग्यदूत' म्हणून शिकविलेल्या स्त्रियांनीं नवजात अर्भकांना घरोघर जाऊन तपासलें, रक्तांतील जंतुदोषाच्या खुणा दिसल्या तर जेंटामायसिनचें इंजेक्शनही दिलें, आणि तिसऱ्या वर्षीं त्या गांवांतील नवजात मृत्यूंचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं घटल्याचें १९९९ मध्यें जाहीर झालें.

या स्त्रियांच्या हातीं औषध होतें, पण विकण्यासाठीं नव्हतें. गोळी जास्त गेली तर त्यांना जास्त मिळत नव्हतें, आणि श्वास मोजल्यावांचून ती द्यावयाची नाहीं हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. मोठी पदवी नसतांही तालुक्याच्या दुकानांत जें कधीं होत नाहीं तें त्यांच्याकडून होत होतें: गरज नसलेल्याला 'नाहीं' म्हणणें. नोव्हेंबर २०१९ मध्यें केंद्र सरकारनें न्यूमोनियाविरुद्ध 'सांस' नांवाची मोहीम सुरू केली, आणि तींत गांवच्या आशा कार्यकर्तीस, मुलाला रुग्णालयाकडे धाडण्यापूर्वीं अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देण्याची मुभा मिळाली. मेळघाटाच्या पायथ्याशीं राहणाऱ्या आशाच्या पिशवींत ती बाटली महिनोन्‌महिने शिल्लक राहते कीं पहिल्याच पावसाळ्यांत संपते, आणि संपल्यावर नवी किती दिवसांनीं येते, हें विचारणारा कोणी असला पाहिजे. कारण ती वेळेवर आली नाहीं, तर मुलाला कडेवर घेतलेली तीच बाई पुन्हां अकोटच्या बाजारांत येऊन चांगली गोळी मागेल.